शेजारच्या दारातला फर्न

सकाळी सात वाजता कोंडाजींनी दार उघडलं. दुधाची पिशवी उचलायच्या आधी त्यांनी स्वतःच्या कुंडीकडे बघितलं आणि मग समोरच्या दारातल्या कुंडीकडे. त्यांच्या फर्नची आणखी दोन पानं पिवळी पडली होती. समोर किसन मास्तरांच्या दारातला फर्न मात्र असा हिरवागार उभा होता की बघवत नव्हतं. बघवत नसलं तरी कोंडाजींनी तो चांगली पाच मिनिटं बघितला आणि आत येऊन दार आपटलं.

"किती?" भाकरी थापता थापता गोजरबाईंनी विचारलं.

"दोन नवीन. म्हंजे पाच झाली."

"आन मास्तरांची?"

"त्याचं नाव काडू नको सकाळच्या पारी!"

गोजरबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि नाव काढलं नाही. दूध बाहेरच राहिलं होतं, ते त्याच जाऊन घेऊन आल्या. येताना त्यांनीही मास्तरांचा फर्न बघितला. छान होता, पण तसं म्हणण्याची घरात सोय नव्हती.

दोन कुंड्यांवरून एवढं रामायण का, असं कुणालाही वाटेल. पण कोंडाजींच्या दृष्टीने प्रश्न कुंडीचा नव्हता, जमिनीचा होता. पालेगावात आज जिथे 'एव्हरग्रीन मेडोज'चे तीन टॉवर उभे आहेत तिथे सहा वर्षांपूर्वी कोंडाजींचं उंबराचं खाचर होतं. बिल्डरने आधी उंबर तोडला, मग बांध सपाट केले, मग होतं नव्हतं तेवढं हिरवं काढून टाकलं आणि शेवटी कॉम्प्लेक्सला एव्हरग्रीन हे नाव दिलं. कोंडाजींना सी विंगमध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. म्हणजे माणूस अजून आपल्याच शेतावर राहत होता, फक्त सत्तर फूट वर.

या सगळ्या सिमेंटमध्ये एकच तुकडा मोकळा राहिला होता. सी विंग आणि पंपरूमच्या मधला, वीस बाय चाळीसचा. कागदोपत्री त्याला बाग म्हणत. ठेक्यावरचा माळी दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही, तेव्हा सोसायटीने ठरवलं की बाग रहिवाशांपैकीच कुणाच्या तरी हवाली करायची. नोटीस लागली त्या दिवशी कोंडाजी जेवले नाहीत. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पोटमाळ्यावरून कुदळ काढली, तिला तेल लावलं आणि अर्ज दिला. दुसरं कोण अर्ज करणार? टॉवरमधल्या निम्म्या लोकांना मेथी आणि शेपू यांतला फरक पानं तोंडात घातल्याशिवाय कळत नव्हता.

दुसरा अर्ज आला तो समोरच्याच दारातून, किसन मास्तरांचा.

किसन मास्तर म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी खिडकी नसलेल्या खोलीत निळं कापड कापलं. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून वर्षभरापूर्वी ते राहायला आले. अर्जात त्यांनी एकच ओळ लिहिली होती, 'मला हिरवं बघायला आवडतं.' ती ओळ नोटीस बोर्डावर वाचून कोंडाजी आधी मोठ्याने हसले आणि मग लिफ्टमध्ये सात मजले त्यांच्या छातीत जळजळत राहिलं. हिरवं बघायला आवडतं तर टीव्हीवर बघ ना! माझ्या खाचरावर कशाला डोळा?

सेक्रेटरी प्रीती मॅडम अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. दोन अर्ज आले तर परीक्षा घ्यायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बदलापूरच्या नर्सरीतून एकसारखे दोन फर्न एकसारख्या लाल कुंड्यांत आणले.

"एक महिना. कुंड्या लॉबीत, आपापल्या दाराबाहेर ठेवायच्या, म्हणजे सगळ्यांना दिसतील," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्याच्या मीटिंगला ज्यांचं रोप चांगलं, बाग त्यांची."

कोंडाजींनी त्या रोपाकडे तुच्छतेने पाहिलं. "हा तर विहिरीच्या कडंला उगवतो. आमी उपटून फेकायचो!"

"मग तुम्हाला सोप्पंच जाईल," प्रीती मॅडम म्हणाल्या.

इथेच घोटाळा झाला. जे आयुष्यभर उपटून फेकलं ते जगवायचं कसं, हे कोंडाजींना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण ते भाताचे शेतकरी. भाताचं रोप पाण्यात पाय सोडून उभं असतं, म्हणून त्यांनी कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवली. आठवड्याने एक पान पिवळं पडलं. भात पिवळा पडला की युरिया टाकायचा, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, म्हणून त्यांनी मूठभर युरिया टाकला. मग तीन पानं पिवळी पडली, म्हणून दोन मुठी टाकला. आता पाच झाली होती.

सून कीर्तीने फोनवर पानाचा फोटो काढला. "बाबा, ॲप सांगतंय पाणी जास्त झालंय. ब्याऐंशी टक्के खात्री आहे म्हणे."

"ॲपच्या बापानं कवा भात लावला व्हता?"

"भात नाही बाबा, हा फर्न आहे."

"पानी जास्त झालं म्हनून कुठलं झाड मरतं का? पानी कमी झालं म्हनून मरतं. उद्या म्हनशील, जेवून जेवून मानूस उपाशी मेला."

कीर्ती ऑफिसला निघून गेली. मग गोजरबाईंनी मीठमोहऱ्या घेतल्या आणि कुंडीवरून सात वेळा ओवाळून टाकल्या. कोंडाजींना हे निदान पटलं. त्यांनी समोरच्या दाराकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं.

"लागलीच असंल त्याची नजर. जाता येता बघतो."

"त्यांची कशाला?" गोजरबाई म्हणाल्या. "मास्तर दिवसातून दोनदा जातात. तुमी सकाळपासून त्याच्यावर डोळं लावून बसलेले असता. मी तुमचीच काडली."

कोंडाजींनी सगळ्यांत पिवळं पान तोडलं, पाकिटात घातलं आणि शेअर रिक्षा बदलत बदलत बदलापूरची ती नर्सरी गाठली. नर्सरीवाल्याने पान उजेडात धरलं, वास घेतला आणि म्हणाला, "काका, पाणी किती घालता?"

कोंडाजींनी पान त्याच्या हातातून काढून घेतलं आणि परत आले. सगळे एकमेकांना फितूर आहेत, अशी त्यांची खात्री झाली.

आता एकच मार्ग उरला होता. शत्रूकडून भेद काढायचा. तीन दिवसांनी संध्याकाळी मास्तर दाराबाहेर कुंडीशी बसलेले दिसले तसे कोंडाजी चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर आले. मास्तर ओल्या फडक्याने फर्नचं एकेक पान पुसत होते.

"काय मास्तर, काय घालता ह्याला?"

"काय नाय शेठ." मास्तर दचकले. "खालीपिली पुसतो. धूळ बसते ना."

"बस? पुसता फक्त?"

"हां. एकदम चकाचक राहतो."

"पानी?"

"पानी… थोडा. म्हंजे असाच. चालून जातं." मास्तर फडकं घेऊन घाईघाईने आत गेले.

माणूस काहीतरी लपवतोय हे कोंडाजींनी तेव्हाच ताडलं. पण काय लपवतोय याचा त्यांनी लावलेला अर्थ चुकला. पुसणं हेच ते गुपित, असं त्यांना वाटलं. आत जाऊन त्यांनी आपलं जुनं धोतर फाडलं आणि नांगर धरलेल्या हातांनी आपल्या फर्नची पानं पुसायला घेतली. पहिलं पान पुसलं तर त्याची बारीक पाती सगळी फडक्यात आली आणि हातात नुसती काडी उरली. दुसऱ्या पानाचंही तेच झालं. तिसऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. यापुढे जन्मात पानाला बोट लावणार नाही, अशी त्यांनी तिथेच शपथ घेतली.

आठ पिवळी, दोन टकली आणि चार मरतुकडी हिरवी. समोर मास्तरांची चौदाच्या चौदा हिरवी, चकाचक. कोंडाजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. तीस खंडी भात काढणारा मी, आणि ज्याने जन्मात ढेकूळ फोडलं नाही त्याच्या दारात हे वैभव! उद्या तो माझ्या खाचरात पाय ठेवणार आणि मी वरून, गॅलरीतून बघणार. या विचाराने त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. ते त्यांनी पुसलं आणि ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सगळा मजला जेवून आडवा झाला होता. मास्तर डोळ्यांत थेंब घालायला दवाखान्यात गेले होते. पस्तीस वर्षं निळं बघून त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू झाला होता. कोंडाजी अनवाणी लॉबीत आले. मास्तरांची कुंडी त्यांनी पानांना धक्का न लावता, बुडाला धरून अलगद उचलली, आपल्या दाराशी ठेवली आणि आपली पिवळी कुंडी घमेल्यातून काढून समोर ठेवली. हिरवी घमेल्यात बसवली. मग आत येऊन छातीवर हात ठेवून पडून राहिले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण छाती धडधडत होती ती त्याने नव्हे.

आता वाचकांपासून एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कोंडाजींनी चोरलेला फर्न प्लास्टिकचा होता.

त्याचं असं झालं होतं. समोर खरा शेतकरी, म्हणजे आपण हरणार, या धास्तीने मास्तरांची पहिल्या दिवसापासून झोप उडाली होती. कोंडाजी घमेलं काय आणतात, कसलीशी पांढरी पावडर काय टाकतात, हे दाराच्या भिंगातून बघून मास्तरांचा जीव खालीवर होई. या माणसाला सगळं येतं आणि आपल्याला काहीच येत नाही! कुणीतरी त्यांना सांगितलं की फर्नला दमट हवा लागते. मास्तरांना दमट हवा एकच ठाऊक होती, कारखान्यातली. त्यांनी घरातली स्टीमची इस्त्री काढली आणि प्रेमाने, चांगली दहा मिनिटं, रोपाला वाफ दिली. फर्न शिजला. अगदी अळूच्या भाजीसारखा.

मग मास्तर गुपचूप कॅम्प तीनला गेले आणि ओळखीच्या दुकानातून अस्सल दिसणारा फर्न घेऊन आले. लाल कुंडी तीच, माती तीच, वरचा माल नवा. तेव्हापासून ते रोज त्याची धूळ पुसत होते आणि कुणी जवळ आलं की घाबरत होते.

तर डोळ्यांत थेंब घालून मास्तर घरी आले आणि दारातच खिळून राहिले. प्लास्टिकची पानं पिवळी पडली होती! दोन तर झडलीसुद्धा होती. त्यांनी चांगला डोळा उघडून बघितलं, वाईट डोळा उघडून बघितलं. पिवळीच. हात लावून बघायचा त्यांना धीर होईना, उरलेलीही झडली तर काय घ्या! त्यांनी लांबूनच फोनवर फोटो काढला आणि तशीच रिक्षा पकडून कॅम्प तीन गाठलं.

दुकानदार त्यांचा पंचवीस वर्षांचा दोस्त. त्याने फोटो मोठा करून बघितला.

"साईं, ये अपना ही माल है?"

"और किसका? आठ दिन में पीला हो गया!"

"प्लास्टिक कभी पीला होता है क्या?"

"वोही तो मैं पूछ रहा हूँ! और दो पत्ते गिर गए."

दुकानदार गडबडला. पण मालाला नावं ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो क्षणभर थांबला आणि एकदम खूश झाला. "देखा? इसको बोलते हैं ओरिजिनल! पूरे कॅम्प में दिखा दो कोई ऐसा माल, जो असली के माफिक पीला होता है. हिरवा तो कोई भी बेचेगा!"

"मजाक मत कर यार. मेरी इज्जत का सवाल है."

"अच्छा सुनो. धूप लगी होगी. कोने में रखो. पानी बिल्कुल नहीं मारने का, कलर निकलेगा. पुसने का नहीं, हाथ नहीं लगाने का, कुछ डालने का नहीं. खाली छोड़ दो. दूसरा माल अगले महीने आएगा."

पुढच्या महिन्यात येऊन उपयोग नव्हता. मास्तर हिरमुसले होऊन परत आले. दोस्ताने सांगितलं तसं त्यांनी बाहेरून कुंडी ढकलत ढकलत लॉबीच्या सावलीतल्या कोपऱ्यात नेली आणि तिच्याकडे बघायचंही सोडून दिलं. प्लास्टिकसुद्धा ज्याच्या हातात जगत नाही, त्याने बागेचा अर्ज करायचा होताच कशाला?

इकडे कोंडाजी फुलून आले होते. त्यांनी हिरव्या कुंडीला घमेलंभर पाणी आणि मूठभर युरिया चालू ठेवला, आणि गंमत म्हणजे एक पान पिवळं पडलं नाही. एकसुद्धा नाही!

"बघितलंस?" त्यांनी कीर्तीला गाठलं. "पानी जास्त झालंय म्हने! कुटं हाय तुझा ॲप? दाखव त्याला."

"पण बाबा, पिवळी पानं गेली कुठे?"

"हिरवी झाली. युरियाची ताकद हाय ती."

कीर्तीने कुंडीकडे बघितलं, समोरच्या कुंडीकडे बघितलं आणि सासूबाईंकडे बघितलं. गोजरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की नवरा अनवाणी लॉबीतून आला की प्रश्न विचारायचा नसतो.

शपथेप्रमाणे कोंडाजी पानाला बोट लावत नव्हते, म्हणून सत्य त्यांच्यापासून चार बोटं लांबच राहिलं. उलट आता त्यांना मोठेपण सुचू लागलं. लिफ्टपाशी मास्तर भेटले तर ते थांबून विचारत, "काय रे मास्तर, तुझा लयच उतरला? पानी दे. थोडा युरिया देऊ का? मापात टाक."

"नको शेठ. नको. राहू दे," मास्तर खाली बघून म्हणत.

आपल्याला दया येतेय याचाच कोंडाजींना इतका आनंद झाला की त्या आठवड्यात त्यांचं वजन वाढलं. आनंद मीटिंगच्या चार दिवस आधीपर्यंत टिकला. त्या दिवशी दूध घ्यायला ते बाहेर आले आणि सवयीने त्यांनी समोर बघितलं. कोपऱ्यातल्या कुंडीत, पिवळ्या काड्यांच्या मधोमध, गोगलगायीसारखा गुंडाळलेला एक पोपटी कोंब आला होता. खाली वाकून बघितलं तर एक नव्हे, तीन.

घाईने त्यांनी स्वतःची कुंडी बघितली. दहा दिवसांपूर्वी होती तेवढीच पानं. एक कमी नाही, एक जास्त नाही.

कोंडाजी लॉबीच्या फरशीवर बसले. ते झाड त्यांचं होतं. त्यांच्या हातात मरत होतं, त्यांनीच टाकून दिलं होतं, आणि आता दुसऱ्याच्या दारात जाऊन ते बाळसं धरत होतं. स्वतःच्याच झाडाचा असा हेवा त्यांना कधी वाटला नव्हता. परत बदलावं का? पण बदलून पुन्हा माझ्याकडे आलं आणि पुन्हा पिवळं पडलं तर? तेवढ्यात मास्तरांच्या कडीचा आवाज आला आणि कोंडाजी दूध न घेताच आत पळाले.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वडापाव आणि चहा असल्याने गर्दी चांगली जमली होती. टेबलावर दोन कुंड्या होत्या. प्रीती मॅडमनी चष्मा लावला आणि आधी कोंडाजींच्या फर्नपाशी आल्या.

"वा, काका! एकही पान खराब नाही." त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं, उलटं केलं आणि पुन्हा धरलं. मग दुसरं धरलं. "काका… हे प्लास्टिक आहे."

पार्किंगमध्ये हशा पिकला. कोंडाजींच्या कानशिलावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. त्यांनी पुढे होऊन शपथ मोडली आणि पान चुरगाळलं. पान चुरगळून पुन्हा सरळ झालं.

"आणि मास्तर, तुमचं?" प्रीती मॅडम दुसऱ्या कुंडीकडे वळल्या. "अरे वा! थोडी पानं गेलीत, पण किती सुंदर नवीन कोंब! हे अगदी जिवंत आहे."

"जिवंत?" मास्तर ओरडले. त्यांचा चेहरा असा झाला की जणू इस्त्रीच बोलायला लागली.

"म्हणजे काय! बाग तुमची, मास्तर. काय केलंत सांगा सगळ्यांना."

"काय नाय केलं मॅडम. आईशप्पथ, काहीच नाय केलं. पानीपण नाय घातलं."

"तेच तर हवं असतं!" प्रीती मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या.

कोंडाजी गप्प बसले असते तर त्यांच्यावर फक्त प्लास्टिकचाच आळ राहिला असता. पण मास्तरांसाठी वाजणाऱ्या टाळ्या त्यांना ऐकवेनात. शहाणपण यायच्या आधी जीभ सुटली.

"त्याची कशी बाग? हा कोंब माझा हाय! प्लास्टिक त्याचं हाय. मी बदललं म्हनून माझ्याकडं आलं!"

टाळ्या थांबल्या. वडापाव खाणाऱ्यांचे हात थांबले. आपण काय बोललो हे कोंडाजींना सगळ्यांत शेवटी कळलं.

"तू बदलला?" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मोठा धोंडा उतरल्यासारखी सुटका होती. "म्हंजे प्लास्टिक पिवळं नाय पडलं! अरे मी दुकानदाराशी भांडून आलो ना यार!"

मग वाफेची इस्त्री, कॅम्प तीन, घमेलं आणि युरिया असं सगळं बाहेर आलं. प्रीती मॅडमनी चष्मा काढला. तीस वर्षं कॉपी पकडलेल्या शिक्षिकेचा चेहरा घेऊन त्या म्हणाल्या, "दोघंही बाद. बाग ठेकेदाराला द्यायची."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून गोजरबाई उठल्या. त्या मीटिंगमध्ये कधी बोलल्या नव्हत्या.

"मॅडम, त्यांनी चोरी केली ते चुकलंच. पन एक सांगते. ती बाग नाय, ते आमचं उंबराचं खाचर हाय. तेवढंच राह्यलंय. हितं राह्यला आल्यापासून मानूस सकाळी उठून गॅलरीतून खाली बघतो आन मला म्हनतो, आज माती सुकली, आज माती ओली हाय. हात लावायला मिळत नाय म्हनून नुसतं बघतो. ठेकेदाराला द्या, पन मग आमाला दुसऱ्या बाजूचा फ्लॅट द्या."

कोंडाजींनी टोपी काढून हातात घेतली आणि ते जमिनीकडे बघत राहिले. मास्तरच पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, द्या ना शेठला. मला बाजूला एक कोपरा द्या. बसायला."

बाग कोंडाजींना मिळाली, कोपऱ्याच्या अटीवर. खाचराच्या मातीत कुदळ पडली तेव्हा कोंडाजींनी पहिलं ढेकूळ हातात घेऊन चुरलं, नाकाशी धरलं आणि थोडा वेळ पाठ फिरवून उभे राहिले. इथपर्यंत सगळं ठीक झालं. पण माणूस एका रविवारात बदलत नसतो. कोपरा देताना त्यांनी मास्तरांना पंपरूमच्या मागचा दिला, जिथे माती कमी आणि बिल्डरने टाकलेलं डेब्रिज जास्त. शिवाय वालाचं बियाणं देताना आपल्यासाठी टपोरे निवडून घेतले आणि मास्तरांना उरलेले दिले.

वाल थंडीत जमिनीच्या ओलीवर येतो, त्याला पाणी लागत नाही, हे कोंडाजींना लहानपणापासून ठाऊक होतं. पण शेजारच्या आधी आपला उगवला पाहिजे म्हटल्यावर माणसाचं ठाऊक असलेलं कुठे जातं कोण जाणे. त्यांनी सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या. मास्तर आपल्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसून राहिले.

नवव्या दिवशी सकाळी कोंडाजी भरलेली बादली घेऊन आले तर मास्तर खुर्चीवरून उठून उभे होते. त्यांच्या पायाशी, विटेच्या तुकड्याला बाजूला सारून, वालाचा वाकडा, जाडजूड कोंब वर आला होता. कोंडाजींनी मागे वळून आपल्या वाफ्यांकडे बघितलं. तिथे सपाट चिखल होता.

ते कोंबापाशी उकिडवे बसले. कितीतरी वेळ बसले. छातीत तीच ओळखीची जळजळ सुरू झाली होती आणि तरीही नजर काही तिथून हलत नव्हती.

"हितं माझं खळं व्हतं," शेवटी ते म्हणाले. "म्हनून आला. तुझा काय हात नाय त्यात."

"नायच ना शेठ," मास्तर लगेच म्हणाले. "मला काय येतं? आता काय करू, सांगा ना. पानी घालू?"

कोंडाजींनी तोंड उघडलं. उत्तर द्यायला त्यांना कुदळ मारण्याहून जास्त कष्ट पडले.

"काय नको करू. तू काय करत नाय, तेच बरं करतोस."

आणि हातातली बादली खाली ठेवून त्यांनी ती पायाने हळूच मागे सरकवली.